पारा सहावर आणि ब्रेकवर बधीर बोटं

प्रश्न: मी पंचवटीत राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात कामाला आहे. सकाळी सातची पाळी. वर्षभर सायकलनंच जातो, दहा-अकरा किलोमीटर, चाळीसेक मिनिटं. डिसेंबर-जानेवारीत सहा-सव्वासहाला निघालं की द्वारका येईपर्यंत बोटं गारठतात आणि मुंबई नाक्याच्या पुढे ब्रेक किती दाबला गेला हेच कळत नाही. गेल्या वर्षी बाइकवाले घालतात तसे बाहेरून रेक्झिन आणि आतून केसाळ असलेले जाड हातमोजे घेतले. त्यांच्या आत सुती हातमोजे घालतो. तरी काही फरक नाही, उलट हात जास्तच गार पडतात. कारखान्यात पोचून हात शेकले की बोटांत अशा कळा येतात की दहा मिनिटं काही धरवत नाही. यंदा उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मध्येच पांढरीफटक पडायला लागली आहेत. घरचे म्हणतात, सायकल सोड. बॅटरीवर गरम होणारे हातमोजे मिळतात म्हणे, ते घ्यावेत का? वय ३९. सायकल गिअरची, सरळ हँडलची. दिवसभर काम हँड ग्राइंडरवर.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: बॅटरीचे हातमोजे घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. हात गारठण्याचा इलाज घरच्या घरी होईल आणि त्याला फार पैसेही लागणार नाहीत. दोनच बोटं पांढरी पडण्याचा संबंध मात्र फक्त थंडीशी असेलच असं नाही. ग्राइंडरचा उल्लेख तुम्ही शेवटी जाता जाता केला आहे, पण आम्ही तो सगळ्यात आधी वाचला. त्याकडे शेवटी येऊ.

आधी गारठ्याचं बघू. बोटांमध्ये स्नायू नसतातच. बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपराखालच्या हातात असतात, बोटांत येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या. म्हणजे बोटं स्वतः ऊब तयार करत नाहीत. त्यांना मिळते ती सगळी ऊब रक्तातून. शरीराला थंडी वाजली की पोटा-छातीतली ऊब राखण्यासाठी ते आधी हातापायांच्या बोटांचं रक्त आखडतं घेतं. हा पुरवठा एकदा आखडला की बाहेरून कितीही जाड हातमोजा चढवा, त्याच्या आत ऊबच नसते. हातमोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो.

आता यात सायकलचा वारा मिळवा. पहाटे निफाडकडे पारा पाच-सहावर येतो, नाशिक शहरात त्याहून थोडा वर असतो. सहा अंश धरा. तुम्ही ताशी १८ किलोमीटरनं निघालात की उघड्या कातडीला ते सहा अंश दोन-अडीच अंशांसारखे लागतात. समोरून ताशी दहा किलोमीटरचा वारा असेल तर दीडच्या आसपास. हँडलवरच्या मुठी सायकलच्या सगळ्यात पुढे असतात, त्यामुळे हा वारा सगळ्यात आधी आणि सतत त्यांनाच लागतो. शिवाय पाय चालू असतात, हात मात्र चाळीस मिनिटं एकाच जागी आवळलेले.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. हातमोजा जाड करण्याआधी वारा हँडलवरच अडवा. त्यानं निम्म्याहून जास्त काम होतं आणि आत साधा लोकरी हातमोजाही पुरतो.

तुमच्या सध्याच्या हातमोज्यांचं काय चुकतंय ते सांगतो, कारण बहुतेक लोक हीच जोडी घेतात. पहिली गोष्ट, ते घट्ट झालेत. आत सुती हातमोजा घातल्यावर केसाळ अस्तर दबून सपाट होतं. ऊब धरते ती केसांमधली हवा, तीच निघून गेली. वर बोटांच्या बाजू आवळल्या जाऊन आधीच कमी झालेलं रक्त आणखी अडतं. घालून मूठ आवळून बघा. बोटांची टोकं शिवणीला भिडत असतील किंवा मनगटावर पट्टीचा वळ उठत असेल, तर हातमोजा लहान आहे. सरळ बोटाच्या पुढे अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. दुसरी गोष्ट घामाची. रेक्झिनमधून हवा जात नाही, घाम आतच राहतो आणि तो पितं कोण, तर सुती हातमोजा. ओलं सूत कातडीला चिकटून बसतं आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगानं ऊब ओढून नेतं. तिसरी गोष्ट विचारतोच: दुपारी घरी आल्यावर हातमोजे कुठे ठेवता? बॅगेत तसेच राहत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दमट हातमोजे घालून निघता. रात्री ते उलटे करून खुंटीवर टांगा. गॅसच्या शेगडीवर धरू नका, रेक्झिन कडक होऊन घड्यांना तडे जातात.

आता वारा अडवण्याचं. उत्तरेकडे हिवाळ्यात स्कूटरच्या हँडलला पिशवीसारखी कव्हरं चढवलेली दिसतात, त्यात हात घालून गाडी चालवतात. सायकलला तेच हवं, फक्त मापं वेगळी. तयार स्कूटरची कव्हरं सरळ हँडलच्या सायकलला कशीबशी बसतात, पण आरशाच्या दांडीसाठी ठेवलेल्या भोकातून वारा येतो आणि कापड ब्रेकच्या लिव्हरवर लोळतं. शिवून घेतलेली बरी. बॅगा आणि चेन दुरुस्त करणाऱ्याकडे जाड कापडाचं मशीन असतं, त्याच्याकडून करून घ्या. घरच्या मशीनची सुई रेक्झिनला मोडते.

एका हातासाठी दोन सारखे तुकडे लागतात, एक वरचा, एक खालचा. कापताना प्रत्येकी २७ सेंटिमीटर रुंद आणि ३७ लांब घ्या. शिवणीत चारही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर जाईल आणि तयार माप २४ बाय ३४ राहील. रुंदी हँडलच्या दांड्यासमांतर, लांबी पुढून मागे. पुढचे दोन्ही कोपरे गोल करा. मागे, म्हणजे तुमच्या बाजूला, बाहेरच्या कडेनं तिरकं घेत रुंदी १९ वर आणा, म्हणजे जॅकेटची बाही जाईल पण वारा भसाभस शिरणार नाही. बाहेरचं कापड जुन्या रेनकोटचं किंवा रेक्झिनचं, आतलं जुन्या फ्लीस जॅकेटचं. शाल चालेल, पण तिचे धागे गिअरच्या खटक्यात अडकतात म्हणून तिथे फ्लीसच बरं. मध्ये पाच मिलिमीटरचा पॅकिंगचा पांढरा फोम घातला तर कव्हर आकार धरून राहतं. फोम शिवणीच्या आत संपवा, शिवणीत घेऊ नका.

शिवणं असं: पुढची कड पूर्ण, बाहेरची, म्हणजे मुठीच्या टोकाकडची, कड पूर्ण. आतली कड, जिथून दांडा आणि केबली येतात ती, पुढून ६ सेंटिमीटर शिवा, मग १२ सेंटिमीटर उघडी ठेवा आणि उरलेली १६ शिवा. मागची बाजू हातासाठी पूर्ण उघडी. दांडा या १२ सेंटिमीटरच्या फटीतून आत येईल, कव्हरच्या पुढच्या कडेपासून साधारण १४ सेंटिमीटरवर, म्हणजे समोर लिव्हर आणि बोटं मोकळी हलायला पुरेशी जागा राहते. या फटीच्या दोन्ही ओठांना वेलक्रोची पट्टी लावा, ती दांड्याच्या आणि केबलींच्या भोवती आवळून बसेल. पुढची शिवण थेट वाऱ्यावर असते आणि सुईच्या भोकांतून थंड हवेची बारीक धार बोटांवर येते. तिच्यावर बाहेरून रुंद चिकटपट्टी मारून घ्या.

आता एक गोष्ट, जी टाळली तर हे कव्हर धोक्याचं ठरतं. वाऱ्याच्या दाबानं पुढचं कापड आत दबून लिव्हरवर टेकतं. मग ब्रेक हलकेच लागलेला राहतो किंवा बोटं लिव्हरवर न्यायला उशीर होतो. म्हणून आतून, पुढच्या कडेला लागून, तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमधून कापलेली पाच सेंटिमीटर रुंद पट्टी कमानीसारखी बसवा आणि अस्तराला दोन ठिकाणी टाके घाला. पट्टीच्या कडांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, कापलेलं प्लास्टिक बोटाला चिरतं. कव्हर फिरू नये म्हणून बाहेरच्या टोकाला आतून नाडी लावून ती मुठीच्या टोकाभोवती बांधा. मुठीच्या टोकाला प्लास्टिकचं बूच असेल तर कव्हरला छोटं भोक पाडून कापड त्या बुचाखाली दाबा, नाडीपेक्षा ते पक्कं बसतं.

मनगटाला इलास्टिक लावू नका. शिवणारा आपणहून लावायला जाईल, कारण त्यानं ऊब चांगली राहते. पण तोल गेला तर हात क्षणात बाहेर यायला हवा. कव्हर बसवल्यावर सायकल उभी ठेवून न बघता दहा वेळा हात आत घाला, ब्रेक पूर्ण दाबा, गिअर बदला, घंटी वाजवा, हात बाहेर काढा. एकदा जरी अडकला तर मागचं तोंड दोन सेंटिमीटर मोठं करा. वळताना हात दाखवायची सवय मोडू देऊ नका. कव्हरमध्ये हात उबदार असला की लोक तो बाहेर काढायचा कंटाळा करतात आणि द्वारका चौकात ते परवडणारं नाही.

एवढं करायला वेळ नसेल तर उद्या सकाळसाठी एक तोड आहे. पाच लिटरच्या दोन कॅनची एकेक उभी बाजू कोपऱ्याच्या वळणासकट कापा, साधारण २० बाय १८ सेंटिमीटर. वळण तुमच्या बोटांना वेढेल अशी ती लिव्हरच्या पुढे धरून दांड्याला आणि लिव्हरच्या पट्ट्याला चार केबल टायनं बांधा. लिव्हर पूर्ण दाबून बघा, कुठे घासत नाही ना. दिसायला गबाळं, पण समोरचा वारा अडवतं आणि याच्यामागे साध्या हातमोज्यानंही फरक कळतो. बरेच जण पुढे कव्हर शिवून घेण्याच्या भानगडीत पडतच नाहीत.

नाशिकची एक अडचण परगावच्यांना नसते. सकाळी आठ अंश आणि दुपारी साडेतीनला सुटताना अठ्ठावीस. परतताना ही सगळी सामग्री ओझं होते. वेलक्रोचं कव्हर दोन मिनिटांत निघतं. ते दप्तरात कोंबू नका, पाळी चालू असताना उन्हात उलटं टाकून ठेवा, म्हणजे सकाळचा घाम सुकतो.

कव्हरच्या आत हातमोजा कोणता? पातळ लोकरी विणलेला. हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी लोकांच्या दुकानांत मिळतो. लोकर दमट झाली तरी थोडी ऊब धरते, सूत धरत नाही. लोकर टोचत असेल तर पॉलिस्टरचा पातळ हातमोजा चालेल. कव्हर नसेल त्या दिवशी लोकरीवर एक वाराबंद थर हवा. तुमच्या भागात सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात विणलेल्या पाठीचे आणि तळव्याला रबर लावलेले कामाचे हातमोजे मिळतात. ते घेऊ नका, कारण वारा लागतो तो बोटांच्या पाठीला आणि नेमकी तीच बाजू त्यात उघडी असते. संपूर्ण बाजूंनी लेप असलेला, एक नंबर मोठा घ्या, आत लोकरी मावेल असा.

अगदी कडाक्याच्या सकाळी, पारा पाचाखाली असेल तेव्हा, एक युक्ती चालते. आधी डॉक्टर वापरतात तसा पातळ नायट्राइलचा हातमोजा हाताला, त्यावर लोकरी. घाम लोकरीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे लोकर कोरडी राहते. हात आतून ओलसर लागतील, पण गार लागणार नाहीत. पाऊण तासापुरतंच हे ठीक आहे. पोचल्यावर लगेच काढून हात पुसायचे, नाहीतर उघडा ओला हात दुप्पट गारठतो आणि रोज असं केलं तर कातडी पांढरी पडून सोलते.

लोखंड किंवा ॲल्युमिनियमच्या लिव्हरला दोन बोटं टेकवून ठेवायची सवय असेल तर ती दोन बोटं सगळ्यात आधी जातात, कारण धातू ऊब शोषून घेतो. विजेच्या सामानाच्या दुकानातून आकसणारी नळी घ्या, लिव्हरवर सरकवून गरम हवेनं किंवा मेणबत्ती लांब धरून आकसवा. नळी नसेल तर जुन्या ट्यूबचा दहा सेंटिमीटरचा तुकडा ओढून चढवा. तो सैल फिरता कामा नये. एवढ्यानं बोटांखालचा गारवा लगेच कमी होतो.

लिव्हर हातात आहेच, तर ब्रेकही बघून घ्या. हातमोजा जाड झाला की मुठीवरच्या बोटांची जाडी वाढते आणि लिव्हर पूर्ण दाबताना ती बोटांना आधीच टेकते, तुम्हाला वाटतं ब्रेक लागला, पण रबर रिमला नीट आवळलेलं नसतं. बधीर बोटांनी हा फरक कळत नाही. केबल लिव्हरमध्ये शिरते तिथला रेघारेघांचा ॲडजस्टर उलट्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, अर्धा-अर्धा फेरा फिरवा. रबर आणि रिम यांत दीड-दोन मिलिमीटर अंतर राहिलं की थांबा. मग चाक उचलून फिरवा, कुठे घासत नाही ना बघा. डिस्क ब्रेक असेल तर हे माप डोळ्यांनी दिसणार नाही. हातमोजा घालून लिव्हर निम्म्यावर आली की चाक थांबायला लागलं पाहिजे, एवढं तपासा.

हाताच्या वरच्या भागाकडे लोक लक्ष देत नाहीत. मनगटावर रक्तवाहिन्या अगदी वर असतात आणि हातमोजा व बाही यांच्यामध्ये दोन बोटं फट राहिली की तिथूनच रक्त गार होऊन पुढे जातं. जुन्या लोकरी मोज्याचा पायाचा भाग कापून टाका आणि वरची नळी मनगटावर चढवा, अर्धी हातमोज्याखाली, अर्धी बाहीखाली. छातीवर विंडचीटर नसेल तर शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये वर्तमानपत्राची दोन-तीन पानं घाला. युरोपात घाट उतरताना शर्यतीतले सायकलस्वार हेच करत आले आहेत. छाती उबदार राहिली की शरीर बोटांचं रक्त इतक्या लवकर आखडत नाही. कानटोपी हेल्मेटखाली मावेल अशी पातळ घ्या. मफलरची टोकं आत खोचा, लोंबणारं टोक चाकात गेलं तर गळ्याला फास बसतो.

निघण्याआधीची पाच मिनिटं फार कामाची. गार हातांनी निघालात तर ते वाटेत गरम होणं कठीण. हातमोजे घरातच, हात गरम असताना चढवा. हात गरम पाण्यानं धुऊन ओलेच कोंबू नका. दोन-तीन वेळा जिना चढा-उतरा किंवा जागच्या जागी उड्या मारा, श्वास थोडा वाढेपर्यंत. पहिले तीन किलोमीटर एक-दोन गिअर हलके ठेवा आणि पाय जलद फिरवा. वेग चौदा-पंधरावर येईल, वारा कमी लागेल आणि अंगात ऊब लवकर येईल. पहिली दहा-पंधरा मिनिटंच वाईट असतात. नंतर घाम फुटायला लागला की जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडा, घामानं भिजून पोचण्यात काही फायदा नाही. वाटेत बोटं बधीर झालीच तर सायकल बाजूला घेऊन उभे राहा आणि हात खांद्यापासून पूर्ण गोल, जोरात, वीस-पंचवीस वेळा फिरवा. फेकलं गेलेलं रक्त टोकांपर्यंत जातं. हातावर फुंकर मारल्यानं क्षणभर बरं वाटतं, पण श्वासातल्या वाफेनं हातमोजा ओला होतो.

हँडल घट्ट आवळू नका. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर होत असेल तर ते बहुधा थंडीनं नव्हे, तळहाताच्या कडेवर येणाऱ्या दाबानं. तिथून जाणारी नस दबते. अंगठा आणि त्याच्याजवळची बोटं बधीर होत असतील, रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस. दोन्हींत उपाय सारखाच: सीटचं नाक खाली झुकलं असेल तर सपाट करा, कारण त्या उतारानं सगळं वजन हातांवर येतं. हँडल जमलं तर दोन सेंटिमीटर वर घ्या, मनगट मागे मोडलेलं ठेवू नका. उन्हाळ्यातही हीच बोटं बधीर होतात का, एवढं आठवून पाहिलं तरी थंडी की नस हे कळतं.

पोचल्यावर हात शेकण्याची पद्धत बदला. त्या कळा म्हणजे अडलेलं रक्त परत येण्याच्या, त्यानं इजा होत नाही. पण बधीर बोटांना चटका कळत नाही, त्यामुळे शेकोटी, हीटर किंवा नुकतंच वेल्डिंग झालेला तुकडा यांच्याजवळ हात नेऊन भाजून घेणारे असतात. हात काखेत धरा, किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतक्याच पाण्यात बुडवा. नाशिकच्या थंडीत बोटं गोठून मरत नाहीत, त्याला पारा शून्याखाली लागतो. मात्र दमट गारठ्यात बोटांवर लालसर, खाजरी, दुखरी सूज येते. ती आली तर खाजवू नका, कोरडं ठेवा आणि आठवड्यात न बसल्यास दाखवा.

बॅटरीचे हातमोजे उणे दहा-पंधरात उपयोगी. सहा अंशांना त्यांच्या पैशात दोन हिवाळ्यांची कव्हरं होतील आणि बोटाच्या घडीवर तार तुटली की ते साधे महाग हातमोजे उरतात. गरम पुड्या हव्याच असतील तर टिचकी दाबून गरम होणाऱ्या, पाण्यात उकळून पुन्हा वापरता येणाऱ्या घ्या. त्या ५४ अंशांच्या आसपास तापतात, म्हणून थेट कातडीला नकोत, हातमोज्याच्या बाहेरून, हाताच्या पाठीवर आणि कव्हरच्या आत. तळहातात ठेवल्या तर मूठ आवळली जात नाही. लोखंडाच्या भुकटीच्या पुड्यांना तापायला हवा लागते, त्या घट्ट हातमोज्यात कोंबल्या की थंड पडतात आणि लोक पुडीला दोष देतात. उणे तापमानात सायकल चालवणाऱ्या परदेशातल्या वाचकांनी पाच बोटांचा हातमोजा सोडून चारही बोटं एकत्र ठेवणारा पंजा घ्यावा. फिनलंडमधल्या ओउलूसारख्या गावात हिवाळाभर सायकली चालतात, तिथे कव्हर आणि पंजा ही जोडी रोजचीच.

आता त्या दोन पांढऱ्या बोटांबद्दल. थंडीनं सगळीच बोटं फिकी पडणं आणि एकाच हाताची ठरावीक दोन बोटं, सीमारेषा आखल्यासारखी, पांढरीफटक पडणं यांत फरक आहे. असं सीमारेषा आखल्यासारखं पांढरं पडण्याला रेनॉड म्हणतात: बोट आधी पांढरं, मग निळसर, रक्त परत येताना लाल आणि ठणकणारं. बहुतेकांना तो आपोआप होतो, विशेषतः तरुण बायकांना, दोन्ही हातांना, आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. तुमची केस तशी नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी, यंदाच, एका हाताला आणि रोज ग्राइंडर धरणाऱ्या माणसाला हे सुरू झालं आहे. ग्राइंडरसारखं थरथरणारं हत्यार वर्षानुवर्षं धरल्यानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात आणि त्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक नेमकं हेच असतं: गार हवेत बोटं पांढरी. सुरुवातीला ओळखलं आणि हादरे कमी केले तर ते बरंच मागे फिरू शकतं, पुढे गेल्यावर बोटांतली जाणीव कायमची जाऊ शकते.

बोटं पांढरी पडण्याचा झटका येईल तेव्हा मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढा, उजेडात, शेजारी शेजारी. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पुन्हा नेहमीसारखी दिसतात आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही. ईएसआयच्या दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना नुसतं "सायकल चालवताना हात गारठतो" असं सांगू नका. कोणतं हत्यार, दिवसाला किती तास, किती वर्षं, कोणत्या बोटाचं कोणतं पेर, झटका किती मिनिटं टिकतो आणि शर्टाचं बटण लावताना अडचण येते का, हे सांगा. रक्तदाबाची किंवा छातीतल्या धडधडीची गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा, काही गोळ्या बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात. स्वतःहून ती बंद करू नका. तंबाखू, बिडी, मशेरी, गुटखा यांतलं काही असेल तर तेही, निकोटिन हेच काम करतं. बोटाच्या टोकाला न भरणारी जखम किंवा काळा ठिपका असेल तर वाट न बघता त्याच दिवशी जा.

तोवर कामावर: झिजलेली, एका बाजूनं खाल्लेली डिस्क बदला, ती जास्त थरथरते. हत्यार जेवढं लागेल तेवढंच घट्ट धरा, वजन हत्याराचंच पडू द्या. सलग तास-तासभर ग्राइंडिंग न करता मध्ये दहा मिनिटं दुसरं काम घ्या. पाळी सुरू होताच गारठलेल्या हातानं ग्राइंडर उचलू नका. कळा थांबून बोटं लाल आणि उबदार होईपर्यंत मार्किंग, मोजमाप असली कामं उरका. सुपरवायझरला हे लेखी कळवा आणि त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.